शिवगंगेचा काळा चष्मा

शिवगंगा पहिल्यांदा काळा चष्मा लावून होडीवर उभी राहिली, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिच्या घरी तीन नारळ, भाकरीची एक चवड आणि बाळंतिणीच्या दुधाची वाटी येऊन पोचली. दूध डोळ्यांत घालायला होतं. भाकरी होती, कारण आता ही बाई चुलीपुढं कशी बसणार? नारळ कशाला होते ते आणणाऱ्यांनाही नीट सांगता आलं नसतं. पण दुखणाईताला बघायला रिकाम्या हातानं जायचं नाही, एवढं खडकवाडीला कळत होतं.

ही गावाची चूक म्हणावी, तर चूक अगदी रास्त होती. साल एकोणीसशे बासष्ट. धाराशिवला डोळ्यांचं शिबिर भरलं की गावोगावची म्हातारी माणसं बैलगाडीतून जायची आणि परतताना हिरवी पट्टी नाहीतर काळा चष्मा लावून यायची. काळा चष्मा म्हणजे कापलेला डोळा, दुसरा अर्थच नव्हता. शहरात शौकीन लोक उगीचच तसला चष्मा घालून हिंडतात असं कुणीतरी ऐकलं होतं. पण शिवगंगा आणि शौक? तिनं तर लग्नातलं लुगडंसुद्धा होडीच्या शिडाला लावलं असतं, होडीला शीड असतं तर. शिवाय तिचा नवरा गोरोबा वर्षापूर्वी सोलापूरहून असलाच चष्मा लावून आला होता, आणि तेव्हापासून त्यानं होडीत पाय ठेवला नव्हता. गावानं दोन्ही गोष्टी जोडल्या. नवऱ्याचे डोळे गेले, आता बायकोचेही गेले.

आणि आंधळ्या बाईच्या होडीत कोण बसणार? दुसऱ्या दिवशी सकाळी बेंबळीला जायला बावीस माणसं काठावर उभी होती. त्यातली एकटी शेजारची म्हातारी कडूबाई होडीत चढली.

शिवगंगा मूळची नळदुर्गची. किल्ल्याला खेटून बोरी नदी वाहते, तिच्यात जाळं टाकणाऱ्या कोळ्याची ही लेक. चालायला लागायच्या आधीच ती पाण्यात पडली होती, असं तिची आई सांगायची. त्यावर शिवगंगेचं ठरलेलं उत्तर होतं, "पडले न्हाय, उतरले." नाकावर माशी बसू द्यायची नाही, हा स्वभाव तेव्हापासूनचा. सतराव्या वर्षी ती खडकवाडीला आली तेव्हा तिथं आंघोळीला पाणी मिळायची मारामार. गोरोबा जातीनं कोळी खरा, पण कोरड्या गावातला कोळी. त्याला पोहता येत नाही हे लग्नानंतर आठ दिवसांनी कळलं, तेव्हा शिवगंगा हसून हसून बेजार झाली होती.

पुढं निजाम गेला, राज्य बदललं, आणि पाचेक वर्षांनी सरकारनं गावाच्या उगवतीला ओढा अडवून तलाव बांधला. तलाव भरला तशी बेंबळीची वाट बुडाली, तीस-चाळीस एकर काळं रान बुडालं, बाभळीचं एक बन तोडलं होतं त्याचे खुंट बुडाले. बाजार, दवाखाना, धाराशिवची मोटार, सगळं पलीकडं राहिलं. वळसा घालून जायचं तर सहा कोस. म्हणून पंचायतीनं होडी केली. ती चालवायचं काम गोरोबाला मिळालं, आणि काम मिळाल्यावर त्याला होडी शिकवली ती बायकोनं. गोरोबानं हे कधी लपवलं नाही. "माजा गुरू घरातच हाय," असं तो चारचौघांत सांगायचा.

तलावाची एक खोड होती. गाव मावळतीला आणि बेंबळीची वाट उगवतीला. म्हणजे सकाळी निघावं तर सूर्य समोर, संध्याकाळी परतावं तर पुन्हा सूर्य समोर. होडीवाल्याच्या पाठीवर ऊन म्हणून यायचं नाही, सगळं तोंडावर. वरचं ऊन एकवेळ टोपी-पटक्यानं अडवता येतं. पाण्यावरनं उसळून खालून येणारं ऊन कशानं अडवायचं? गोरोबा सात-आठ वर्षं त्या लखलखाटात डोळे बारीक करून उभा राहिला.

आधी नुसते डोळे चुरचुरायचे. मग नाकाकडच्या कोपऱ्यातून पांढऱ्यावर एक गुलाबी पापुद्रा सरकायला लागला. डोळ्यात मास वाढलंय, म्हणाले लोक. कुणी मध घातला, कुणी तुरटीचं पाणी घातलं, आणि पापुद्रा आपला रोज थोडा थोडा बुबुळावर चढत गेला. शिवगंगेनं त्याला शेवटी जवळजवळ ओढतच सोलापूरला नेलं, तेव्हा उजव्या डोळ्याला उशीर झाला होता. डावा डॉक्टरांनी राखला. पण तो उन्हात उघडायचा म्हणून नाही. दवाखान्याच्या काळ्या चष्म्याआडसुद्धा उघडला की घळाघळा पाणी.

डॉक्टर म्हातारे होते, बोलायला तिखट. त्यांनी गोरोबाची पट्टी सोडली आणि शिवगंगेला विचारलं, "आता होडी कोण चालवतं?"

"म्याच की."

"बसा इकडं." त्यांनी तिची पापणी वर करून भिंग लावलं. "हे बघा बाई, तुमच्या डोळ्यातही कोपऱ्याला पिवळा ठिपका आलाय. सुरुवात अशीच होते. ऊन आणि पाण्याची चकाकी. अजून दहा वर्षं अशीच उभी राहिलात, तर नवऱ्याच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकावी लागेल."

शिवगंगा त्या दिवशी घाबरली. पुढं ती स्वतःच हे सांगायची, न लाजता. पाण्याला ती कधी भ्याली नव्हती, पण कुणाचा तरी हात धरून परसाकडं जावं लागेल, ह्याला भ्याली. आणि तिचं घाबरणं असं, की घाबरली की ती कामालाच लागायची. चैत्राच्या यात्रेत येरमाळ्याला गेली तिथं दुकानात टांगलेला काळा चष्मा तिनं उचलला आणि दुसऱ्या दिवसापासून, काठावर कुणी नसताना, रिकाम्या होडीत लावून बघितला. चार दिवसांत डोकं ठणकायला लागलं. सगळं काळं दिसायचं, पण पाण्यावरची चकाकी तशीच, नुसती काळी झालेली. शिवाय सरळ वल्हं मध्येच वाकडं दिसायचं. तिनं तो चष्मा चुलीत घातला आणि गोरोबाला दाखवायच्या तारखेला बैलगाडीनं वळसा घालून सोलापूरला गेली ती डॉक्टरांशी भांडायलाच.

डॉक्टर हसले. म्हणाले, "नुसती काळी काच आणि चांगली काच यात फरक आहे, बाई. सावली मिळाली की डोळ्याची बाहुली मोठी होते. म्हणजे हलक्या काचेत उलट न दिसणारे किरण जास्तच आत जातात. उघड्या डोळ्यापेक्षा ते वाईट." आणि त्यांनी एका चष्मेवाल्याच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली.

चष्मेवाल्याकडं एकच तसला चष्मा होता, बाहेरदेशचा. गिरणीतल्या कुठल्याशा साहेबानं मागवला आणि न्यायलाच आला नाही. त्यानं आधी तिच्या हातात चष्मा देऊन दाराची चौकट काचेतनं बघायला सांगितली. "काच हळूहळू हलवा. चौकट वाकली, थरथरली, तर काच वाईट." चौकट जागची हलली नाही. मग त्यानं खिडकीत उन्हाला पितळी परात ठेवली, तिच्यात पाणी ओतलं, तळाला किल्ली टाकली आणि तिला लांब उभं केलं. पाण्यावर ऊन नुसतं जळत होतं. किल्ली दिसत नव्हती. तिनं चष्मा लावला, आणि पाण्यावरचं ऊन कुणी पुसून घ्यावं तसं नाहीसं झालं. तळाला किल्ली, किल्लीला बांधलेला लाल दोरासुद्धा.

शिवगंगेनं चष्मा काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग म्हणाली, "ह्यो कुणाला देऊ नगा. म्या बकरी इकून येते."

एका बकरीनं भागलं नाही; उरलेले पैसे जमून चष्मा हातात यायला पुढचा फाल्गुन उजाडला. चष्मा पुरुषी मापाचा, सोनेरी तारेचा, तिच्या कानावरनं घसरायचा. तिनं मागं करदोड्याची गाठ मारली, वर डोक्यावरनं पदर पुढं ओढला, आणि होडीवर उभी राहिली. पुढचं नारळाचं सांगितलंच.

सुरुवातीला तिनं लोकांना समजावलं. मग चिडवलं. सिद्रामप्पा कापडवाला काठावर गाठोडं घेऊन उभा होता, त्याला म्हणाली, "आप्पा, तुमच्या धोतराला डाव्या बाजूला चुन्याचा डाग हाय. दिसतोय मला." सिद्रामप्पानं धोतर बघितलं, डाग होता. पण तो होडीत चढला नाही. डोळे कापलेल्या माणसाला जवळचं दिसतं, लांबचं दिसत नाही, असं त्यानं बाकीच्यांना सांगितलं.

होडी रोज रिकामी जायला लागली. आठव्या दिवशी पारावर बैठक भरली. सरपंच श्रीमंतराव पाटील माणूस वाईट नव्हता. उलट, गावात काही बरंवाईट झालं तर आपल्याला झोप लागणार नाही, ह्याच काळजीनं तो हैराण असायचा.

"शिवगंगे, राग मानू नकोस," तो म्हणाला. "तुज्या मेहनतीवर कुणाचा शक न्हाय. पर लेकरंबाळं होडीत बसत्यात. उद्या काय झालं तर म्या कुणाला तोंड दाखवू? सोमवारपासनं दुसरा माणूस बगतो. तुमा दोघांचं पोट उपाशी राहू देणार न्हाय, ह्यो माजा शब्द."

ही दया शिवगंगेला चाबकासारखी लागली. पोटाचा प्रश्न नव्हता. होडी गेली तर ती कोण राहणार होती? एका आंधळ्याची बायको, गावानं पोसलेली. तिच्या नवऱ्याचं सगळं गेलं होतं, आणि तिचे डोळे शाबूत ठेवायच्या धडपडीपायीच गाव तिच्याकडून होडी काढून घेत होतं.

ती म्हणाली, "सरपंच, म्हाताऱ्या म्हशीचेसुद्धा दात बगून मग बाजाराला नेत्यात. मला न बगताच मोडीत काढता व्हय? एक फेरी करा माज्यासंगं. उद्या. आन सकाळच्या गारव्याला न्हाय. चार वाजता पलीकडनं निघू, ऊन तोंडावर असताना. बुडवलं तर होडी तुमची."

"बुडवलं तर होडी घेऊन काय करू?" श्रीमंतराव म्हणाला. लोक हसले. पण तो कबूल झाला.

दुसऱ्या दिवशी जाताना तिघं होते. श्रीमंतराव, माघार घेतली तर लोक हसतील म्हणून सिद्रामप्पा, आणि न बोलावता आलेली कडूबाई. कडूबाईला पोरबाळ नव्हतं आणि शिवगंगेवर तिची माया. तिनं येरमाळ्याच्या येडाईदेवीला परस्पर नवस बोलून टाकला होता, शिवगंगेच्या डोळ्यांसाठी चांदीचे डोळे वाहीन म्हणून. शिवगंगा कळवळून सांगत होती, "आवो मावशे, माजे डोळे गेलेच न्हाईत!" आणि कडूबाई तिच्या पाठीवरनं हात फिरवत म्हणत होती, "असंच धीरानं घ्यावं, बाय."

परतताना चार वाजून गेले होते. फाल्गुनातलं ऊन. सगळा तलाव समोरून असा पेटला होता की तिघांनीही कपाळावर हात धरले. शिवगंगा पुढच्या टोकाला उभी, हातात लांब बांबू, चष्म्याची गाठ घट्ट. निम्म्यावर होडी आली आणि तिनं एकाएकी ती उजवीकडं वळवली. थोडं जाऊन डावीकडं. पुन्हा उजवीकडं.

"बगा, बगा!" सिद्रामप्पानं गाठोडं छातीशी धरलं. "गाव समोर हाय, ही कुठं चालली? सरपंच, हिला काय सुदिक दिसत न्हाय!"

"शिवगंगे, सरळ घे," श्रीमंतराव दरडावून म्हणाला.

शिवगंगेनं बांबू तळात रोवला. होडी जागच्या जागी थांबली. तिनं मागं वळून बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता.

"सरळ घेते. आधी सांगा, सरपंच, सरळ काय हाय?"

"पाणी हाय. दुसरं काय असणार?"

"नीट बगा."

श्रीमंतरावानं बघितलं. डोळ्यांतनं पाणी आलं तरी बघितलं. "ऊन हाय नुसतं. काय दिसंना."

तिनं करदोड्याची गाठ सोडली, दोन पावलं मागं आली आणि सरपंचाच्या तोंडावर स्वतःच्या हातानं चष्मा बसवला. असं करताना त्याचा पटका थोडा सरकला. तो पुढं वाकला आणि होडीची कड दोन्ही हातांनी धरून बसला.

चार हातांवर, पाण्याखाली वीतभर, बाभळीचा खुंट होता. कोयत्यानं तिरपा तोडलेला, वर भाल्यासारखा. त्याच्या पलीकडं दुसरा. डावीकडं आणखी तीन. सरळ गेली असती तर होडी पहिल्यावरच चढली असती.

"पाटाचं पाणी सोडत्यात, तळं उतरतं," शिवगंगा सांगत होती. "पर येका खुणेला येऊन थांबतं, अन् ह्ये खुंट नेमके त्या खुणेच्या वीतभर खाली. कवाच वर येत न्हाईत. म्हून कुणाला ठावं न्हाईत."

श्रीमंतराव ऐकत होता की नाही कोण जाणे. तो खुंटांच्या पलीकडं, खोल बघत होता. तिथं दोन-तीन हात पाण्याखाली दगडाचं थारोळं होतं, ज्यावर मोटेचं पाणी पडतं ते, आणि त्याला लागून विहिरीचा गोल काठ.

"आबांची विहीर," तो म्हणाला. नऊ वर्षांत त्यानं ती बघितली नव्हती. रान बुडालं त्या दिवशी त्याच्या बापानं मोट सोडून घरी आणली आणि पुन्हा ह्या काठाला कधी आला नाही. "थारोळं जसंच्या तसं हाय. दगडसुदिक हलला न्हाय."

त्यानं चष्मा बराच वेळ काढला नाही. कडूबाईनं मागितला, तिलाही दिला नाही. शेवटी शिवगंगेनं हात पुढं केला. "द्या आता, सरपंच. माज्या डोळ्यात ऊन चाललंय."

गावाच्या काठाला अर्धं गाव उभं होतं. श्रीमंतराव उतरला, पटका नीट केला आणि मोठ्यानं म्हणाला, "होडी शिवगंगाच चालवंल. आन तिला सरळ ने म्हणणाऱ्याला म्या उतरवून चालत पाठवीन." सिद्रामप्पानं तेव्हा गाठोड्यातलं एक फडकं काढून शिवगंगेला दिलं, काच पुसायला. पुढं त्यानं ते मलमल होतं असं सगळ्यांना सांगितलं. ते साधं, जाडंभरडं मांजरपाट होतं.

त्या चैत्रात कडूबाईनं येरमाळ्याला चांदीचे डोळे वाहिलेच. गेलेच नव्हते तर नवस कसला, म्हणून शिवगंगेनं वाद घालून बघितला. कडूबाई म्हणाली, "गेले न्हाईत, ह्येच तर मागितलं व्हतं." येताना शिवगंगा त्याच चष्म्याच्या दुकानापुढं थांबली, एकेक काच उचलून देवळाच्या खांबावर धरून बघितली, खांब वाकला की चष्मा खाली ठेवला, आणि भोवती जमलेल्या बायकांना कोणता घेऊ नये ते खणखणीत आवाजात सांगितलं. दुकानदारानं तिला हात जोडले.

पण होडीची फेरी झाली त्या दिवसाचं एक राहिलं. लोक घरी गेले तेव्हा काठावर गोरोबा एकटा दगडावर बसला होता, डोळे मिटून. सगळं त्यानं ऐकलं होतं.

"खुंट कुठं हायेत?" त्यानं विचारलं.

"चला, दावते."

तो नको म्हणाला. मग उठला. वर्षभरानं होडीत पाय ठेवताना तो लहान पोरासारखा तिच्या खांद्याला धरून होता. खुंट ओलांडून तिनं होडी पुन्हा गावाकडं वळवली, तसं ऊन तोंडावर आलं. खुंटापाशी येऊन तिनं होडी आडवी लावली, आपला चष्मा काढला आणि त्याच्या डोळ्यांवर बसवला. डावा डोळा हळूच उघडला. पाणी आलं नाही. उघडाच राहिला.

गोरोबा वाकून खाली बघत होता. कितीतरी वेळानं त्यानं पाण्यात हात घातला आणि खुंटाच्या टोकावरनं बोट फिरवलं. टोकाला काळे ओरखडे होते, एकावर एक.

"डांबर हाय," तो म्हणाला. "आपल्या होडीचं."

"व्हय."

"दणका बसायचा, तवा म्या लोकांना सांगायचो, मोठा मासा असंल." त्याचं बोट अजून खुंटावरच होतं. "माणसं बसलेली असायची, गंगे. लेकरं असायची. मला काय सुदिक दिसत नव्हतं. आजून नीट बगितलं तर दिसंल, म्हून म्या ऊन पीत बगत राह्यलो."

शिवगंगेनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं.

थोड्या वेळानं त्यानं चष्मा काढला, सिद्रामप्पाच्या फडक्यानं दोन्ही काचा पुसल्या, चाचपडत तिच्या कानांवर चढवला आणि मागं करदोड्याची गाठ स्वतः मारली. ओढून बघितली. पुन्हा एक गाठ मारली.

"चल," तो डोळे मिटून खाली बसत म्हणाला. "आता तू ने."